हुकूमशाही आणि सर्वंकष सत्ता: दोघींना एकच समजू नका

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जिन्याजवळ कॅमेरे लागले, त्या रात्री ग्रुपवर पाठोपाठ दोन मेसेज पडले. ‘ही तर हुकूमशाही झाली’ आणि ‘बिग ब्रदर आला!’ (बिग ब्रदर म्हणजे जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतल्या सर्वंकष सत्तेचा, सगळ्यांवर नजर ठेवणारा प्रमुख.) दोघांनीही एकमेकांना अंगठे दिले. (कॅमेरे लागले चपला चोरीला जात होत्या म्हणून, ते असो.) अंगठे जरा घाईत दिले गेले असं मला वाटतं.

हुकूमशहाला खुर्ची सांभाळायची असते. मोर्चा काढू नका, पेपरात लिहू नका, एवढं पाळलंत तर घरात बसून त्याला मनातल्या मनात शिव्या घाला, त्याला सोयरसुतक नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनचा अभ्यास करून हुआन लिंझ या अभ्यासकानं १९६४ मध्ये हुकूमशाही आणि सर्वंकष सत्ता यांतला फरक नीट मांडला होता. सर्वंकष सत्तेचं पोट एवढ्यावर भरत नाही. तिला तुमचं मन हवं असतं. तिथे गप्प बसलेला माणूससुद्धा संशयित. गंमत म्हणजे ‘सर्वंकष’ (इंग्रजीत ‘टोटॅलिटेरियन’) हा शब्द १९२३ मध्ये इटलीत मुसोलिनीवर टीका करायला अमेंडोला या त्याच्या विरोधकानं वापरला आणि दोनच वर्षांत मुसोलिनी तो अभिमानानं मिरवायला लागला.

दोघींची पाळतही वेगळी. हुकूमशहाचा हेर चोरून बघतो, कारण त्याला कटवाले पकडायचे असतात. सर्वंकष सत्ता उघड बघते. रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वुई’ या कादंबरीमध्ये घरंच काचेची आहेत, पडदा ओढायचा तर सरकारी गुलाबी चिठ्ठी लागते. ऑरवेलच्या ‘१९८४’मध्ये (प्रसिद्धी १९४९) नायक विन्स्टन स्मिथ सकाळी टेलिस्क्रीनसमोर (म्हणजे आपल्याला दाखवणारा आणि आपल्यालाही बघणारा पडदा) पाट्या टाकल्यासारखा व्यायाम करतोय, मन भलतीकडे. तेवढ्यात पडद्यावरची बाई खेकसते: ‘६०७९ स्मिथ डब्ल्यू! आणखी वाका!’ चेहऱ्यावर चुकीचा भाव दिसला तर त्या राज्यात तोही गुन्हा, आणि त्याला वेगळं नावही आहे. आमचा जिन्यातला कॅमेरा चप्पल कुणी नेली तेवढं सांगतो. नेताना माणूस खजील होता का, याच्याशी चेअरमनकाकांना देणंघेणं नाही.

पण ग्रुपवरच्या दोघांनाही बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की ऑरवेलच्या एकाच कादंबरीत या दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. लोकसंख्येत सुमारे ८५ टक्के असलेल्या ‘प्रोल’ कष्टकऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीनच नाही. त्यांना सत्ताधारी पक्षाची शिकवण पाजायची कुणाला गरज वाटत नाही. लॉटरी, बिअर, भांडणं चालू द्यायची; थोडे हेर पेरायचे; एखादा डोकेबाज निघाला की तेवढा उचलायचा. ही साधी जुनी हुकूमशाही. काचेखाली ठेवलेत ते पक्षाचे सभासद, म्हणजे सत्तेचीच माणसं. कादंबरी वाचताना हे सहज निसटतं, कारण आपण पूर्णवेळ विन्स्टनच्या खोलीत असतो.

त्याच्या शेजारच्या पार्सन्सचं उदाहरण घ्या. पक्षाचा निस्सीम भक्त, मोर्चात पुढे, वर्गणी गोळा करण्यात पुढे. हुकूमशाहीत असा माणूस सुखानं म्हातारा झाला असता. इथे तो कोठडीत येऊन पडतो. झोपेत तो बिग ब्रदरविरुद्ध बरळला आणि त्याच्या सात वर्षांच्या मुलीनं किल्लीच्या भोकातून ते ऐकून दुसऱ्या दिवशी वर्दी दिली. पार्सन्स तिच्यावर चिडलेला नाही. पोरीला आपण चांगलं वळण लावलं, असं तो विन्स्टनला कौतुकानं सांगतो.