लाजरी मुलगी की ऑटिस्टिक मुलगी?

वर्गात गप्प बसते, नजर चुकवते, नवा माणूस दिसला की आईच्या मागे सरकते. "लाजाळू आहे, होईल धीट," म्हणून विषय मिटतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण काही मुलींचा ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे लोकांशी संवाद अवघड करणारी मेंदूची वेगळी घडण) याच शब्दाआड वर्षानुवर्षं दडून राहतो.

फरक अनोळखी लोकांत नाही, ओळखीच्या लोकांत दिसतो. लाजऱ्या मुलीला चेष्टा, टोमणा, रुसवाफुगवा सगळं कळत असतं. तिचं अडतं ते भीतीपाशी. ओळख झाली की ती खुलते. ऑटिस्टिक मुलीला जुन्या मैत्रिणीचा रुसवाही कोडं वाटतो, आणि गप्पांत आपण नेमकं कधी बोलायचं, हेही.

मग ते लक्षात का येत नाही? मधल्या सुट्टीत नीट पाहा. मैदानात एकटा फिरणारा मुलगा लगेच नजरेत भरतो. मुलगी घोळक्याच्या कडेला उभी असते, सगळ्या हसल्या की क्षणभर उशिरा हसते, एखादीची बोलण्याची ढब, हातवारे जसेच्या तसे उचलते. लांबून वाटतं, मिसळली. या नकलेला मास्किंग म्हणतात. मुलगेही ते करतात, मुली सरासरीने जास्त. त्यात दिवसभराची ताकद खर्ची पडते. म्हणून शाळेची तक्रार शून्य, आणि घरी बूट काढता काढता रडारड. लाजरी मुलगी घरी मोकळी होते. ही घरी कोसळते.

छंदही फसवतात. घोडे, मांजरी, एखादी मालिका यांत कुणाला काय खटकणार? विषय सोडा, पकड बघा: बाहुल्या रोज त्याच क्रमाने मांडल्या जातात, खेळातली गोष्ट मात्र पुढे सरकत नाही. कपड्याची शिवण टोचणं, मिक्सरचा आवाज असह्य होणं, याचा तर लाजण्याशी काहीच संबंध नाही.

मुली निदानातून सुटतात, याचा अंदाज आकड्यांतूनही येतो. 1943 मध्ये मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी वर्णन केलेल्या 11 ऑटिस्टिक मुलांत मुली 3 होत्या. पुढे मुलगे-मुली 4:1 हे प्रमाण रूढ झालं. 2017 मध्ये 54 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ते 3:1 च्या जवळ निघालं.

ऑटिझम आणि सामाजिक भीती एकत्रही असू शकतात, त्यामुळे एकाचं निदान झालं म्हणून दुसरं बाद होत नाही. तपासणीला जाताना लहानपणचे व्हिडिओ न्या, शाळेतून आल्यानंतरच्या तासाभराची आठवडाभर नोंद ठेवा. "डोळ्यांत पाहून बोलते, म्हणजे ऑटिझम नाही," एवढ्यावर बोळवण झाली, तर मास्किंग तपासलं का, हे थेट विचारा.