दाव्यातल्या इमारतीचं सरकारी मूल्यांकन: अर्ज कुठे करायचा, शुल्क कोणी भरायचं

वाटपाच्या दाव्यात घराच्या किमतीवर एकमत झालं नाही की कुणीतरी सुचवतं, 'पीडब्ल्यूडीचं व्हॅल्युएशन आणा.' मग पक्षकार अर्ज घेऊन थेट सार्वजनिक बांधकाम विभागात जातात आणि तिथे त्यांच्याकडे न्यायालयाचा आदेश मागितला जातो. म्हणून सुरुवात न्यायालयातूनच करावी.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या ऑर्डर 26, नियम 9 प्रमाणे मालमत्तेचा बाजारभाव ठरवण्यासाठी न्यायालय कोर्ट कमिशनर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने पाहणी करून अहवाल देणारी व्यक्ती, नेमू शकतं. हा अर्ज वादीला करता येतो, तसाच प्रतिवादीलाही. अर्जातली विनंती मात्र नेमकी हवी. किंमत कोणत्या तारखेची काढायची, हे लिहिलंच पाहिजे. दावा दाखल झाला तेव्हाची आणि आजची किंमत यांत मोठा फरक पडू शकतो. दुसरं म्हणजे पीडब्ल्यूडीचा अभियंता मुख्यतः बांधकामाची किंमत काढतो. बांधीव क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि दर पाहून वयानुसार घसारा, म्हणजे जुनेपणामुळे किमतीत झालेली घट, वजा होतो. जागेची किंमतही हवी असेल तर आदेशात तसं स्पष्ट यायला हवं, नाहीतर अहवाल अर्धाच हाती पडतो.

आता शुल्काचं. याच ऑर्डरमधल्या नियम 15 नुसार कमिशन (म्हणजे कमिशनर नेमण्याचा आदेश) काढण्यापूर्वी, ज्याच्या मागणीवरून किंवा ज्याच्या फायद्यासाठी ते निघतं, त्या पक्षकाराला न्यायालय वाजवी खर्च ठरावीक मुदतीत जमा करायला सांगू शकतं. म्हणजे बहुतेक वेळा आधी अर्जदाराच्याच खिशाला चाट बसते. ही रक्कम दाव्याच्या खर्चात धरावी, अशी मागणी वकिलांमार्फत तेव्हाच नोंदवून ठेवा. याच संहितेच्या कलम 35 खाली शेवटी खर्च कोणी सोसायचा हे न्यायालय ठरवतं. विभागाचं शुल्क वेगळं भरायचं असेल तर कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयाकडून आकारणीचं लेखी पत्र घ्या, रक्कम शासकीय चलनाने भरा आणि पावतीची प्रत दाव्यात दाखल करा. पाहणीला आलेल्या माणसाच्या हातात रोख रक्कम कधीही देऊ नका.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. मूल्यांकनाच्या खर्चाचा प्रश्नही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जरूर मांडा. पैशांअभावी कुणाचा वाटा कमी पडू नये.

विभागाकडे जाताना आदेशाच्या प्रमाणित प्रतीसोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, करआकारणीचा उतारा, मंजूर नकाशा आणि असल्यास भोगवटा प्रमाणपत्र जोडा. ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला नमुना 8 चा उतारा लागतो. बांधकामाचं वर्ष दाखवणारा कागद आवर्जून शोधा, कारण घसारा त्यावरच ठरतो.

पाहणीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी हजर राहावं. न्यायालयाने सांगूनही कुणी आलं नाही तर कमिशनर त्याच्याविना काम पुढे नेऊ शकतो. अहवाल आणि त्यासोबतचा पुरावा दाव्याच्या रेकॉर्डचा भाग होतो. तो पटला नाही तर लेखी हरकत घ्या आणि कमिशनरची तपासणी करायला परवानगी मागा. अभियंत्याला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून समन्स काढल्यास ऑर्डर 16, नियम 2 खाली त्याच्या वेळेचा वाजवी मोबदलाही न्यायालय ठरवू शकतं. मूल्यांकनाचं शुल्क आधीच भरलेलं असलं तरी ही रक्कम समन्स मागणाऱ्याला वेगळी जमा करावी लागते.