वजन उतरवताना मोबाइल कितपत कामाचा?

वजन उतरवण्यासाठी सोलापुरात आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण विचारतात, "अ‍ॅप घ्यावंच लागेल का?" नाही. खाण्याच्या नोंदीला वही चालते. अ‍ॅप, पावलं मोजणारं घड्याळ, मोबाइलला जोडलेला वजनकाटा यांतलं जे तुम्हाला झेपेल तेच आम्ही सुचवतो.

आमचा उपचार सवयी बदलण्याचा आहे. काय खाल्लं, कधी खाल्लं, भूक नसताना डब्याकडे हात का गेला, हे लिहून ठेवायचं आणि त्यावरून एकेक सवय बदलायची. भारतीयांमध्ये बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. ८० किलोच्या माणसाचं ४ किलो वजन उतरलं, तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. आहार-व्यायामाच्या गटात नव्या मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. लिहून ठेवलेल्या नोंदी होत्या आणि त्या वाचून बोलणारा समुपदेशक होता.

रुग्ण आम्हाला काय सांगतात

बार्शी, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांना व्हिडिओ कॉल सोयीचा वाटतो. एसटीचा वेळ वाचतो, कामाचा खाडा होत नाही. काहींना समोर बसून वजनाबद्दल बोलायला अवघड जातं, त्यांना मेसेज लिहिणं सोपं पडतं.

तक्रारीही खऱ्या आहेत. अ‍ॅपच्या यादीत पिझ्झा सापडतो, पण कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे सापडत नाहीत. मग माणूस अंदाजाने काहीतरी भरतो आणि दोन आठवड्यांत कंटाळतो. म्हणून आम्ही सोलापूरच्या ताटाची वेगळी यादी केली आहे. त्यात चटणी चमच्याने मोजतो, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. भाकरी बंद करायला आम्ही सांगत नाही.

घड्याळावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतं, त्यामुळे बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या घड्याळातही पावलं वाढलेली दिसू शकतात. खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा तर निव्वळ अंदाज असतो.

सर्वांत जास्त बोललं जातं ते मन दुखावण्याबद्दल. काट्यावर आकडा वाढलेला, त्यात "आजचं ध्येय चुकलं" असा मेसेज! अशा वेळी लोक नोंद करणंच सोडतात, आणि तो दोष त्यांचा नाही. खारट खाणं, पाणी, पाळी यांमुळे वजन एक-दोन किलो सहज वरखाली होतं. असे मेसेज आम्ही बंद करून देतो. रोज काट्यावर उभं राहणं जिवावर येत असेल, तर आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी वजन करा. नोंद तुटली तर फोन आमच्याकडून येईल. त्यात रागावणं नसेल, आठवडा कसा गेला एवढंच विचारू.

तुमचं वजन आणि फोटो ग्रुपवर टाकत नाही. घरातल्या कुणाला माहिती द्यायची की नाही, हे तुम्हीच ठरवा.

एक काळजी मात्र घ्याच

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर अ‍ॅप सांगतं म्हणून जेवण कमी करू नका. साखर एकदम उतरू शकते. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही तसंच करावं.

पहिल्या भेटीला चालू औषधांची चिठ्ठी, अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट आणि तीन दिवसांचं खाणं लिहिलेला कागद आणा. त्यात चहा, बिस्किटं, फरसाणही लिहा. मराठीत, कन्नडमध्ये किंवा तेलुगूत लिहिलेलं चालेल.