बेट्स काउंटी (अमेरिकन यादवी युद्धकाळ)

बेट्स काउंटी : अमेरिकेच्या मिसूरी राज्याच्या पश्चिम सीमेवरील ग्रामीण काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग). पश्चिमेस कॅन्सस राज्य, उत्तरेस कॅस व दक्षिणेस व्हर्नन काउंटी. मुख्य ठाणे बटलर. १८६० च्या जनगणनेत येथे ७,२१५ लोक होते. तीन वर्षांनंतर, १८६३ च्या सप्टेंबरात, लष्करी हुकमाने जवळजवळ सर्वांना घरे सोडावी लागली. गुलामगिरी कायम ठेवूनही संघराज्यात राहिलेल्या सीमावर्ती राज्यांत (डेलावेअर, मेरिलंड, केंटकी, मिसूरी) संघराज्याच्याच सेनेने इतका सलग मुलूख रिकामा केल्याचे दुसरे उदाहरण नाही.

नाव व सीमा : काउंटीची स्थापना १८४१ ची. नाव कोणाचे, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे ते मिसूरीचे दुसरे राज्यपाल फ्रेडरिक बेट्स (मृ. १८२५) यांचे, दुसऱ्या मताप्रमाणे त्यांचे धाकटे बंधू एडवर्ड बेट्स यांचे. एडवर्ड पुढे लिंकन यांच्या मंत्रिमंडळात महान्यायवादी (१८६१–६४) झाले आणि त्यांची कीर्ती भावापेक्षा कितीतरी दूर पोचली. मात्र ही कीर्ती स्थापनेच्या वीस वर्षांनंतरची आहे. पदावर असताना निधन पावलेल्या राज्यपालाचे नाव नव्या काउंटीला देणे त्या काळाच्या रीतीला धरून होते, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. एडवर्ड यांचे नाव मागाहून, युद्धानंतरच्या आठवणींतून चिकटले असावे.

सीमांचाही घोळ आहे. मूळ काउंटी दक्षिणेकडे बरीच पसरलेली होती. १८५५ मध्ये तो भाग व्हर्नन काउंटी म्हणून वेगळा झाला आणि नदीकाठचे पॅपिनव्हिल हे ठाणे उरलेल्या बेट्स काउंटीच्या पार दक्षिण टोकाला आले. म्हणून १८५६ मध्ये ठाणे बटलरला हलले. उत्तरेकडील कॅस काउंटी १८४९ पर्यंत व्हॅन ब्यूरेन या नावाने ओळखली जाई. जुने दस्तऐवज वाचताना हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. तसेच येथून वाहणाऱ्या मारे दे सीन्य नदीला युद्धकाळच्या कागदांत पुष्कळदा नुसते ‘ओसेज’ म्हटलेले आढळते. आज ओसेज हे नाव मारे दे सीन्य व लिटल ओसेज यांच्या संगमाखालील प्रवाहालाच देतात. नावांच्या या सरमिसळीने चकमकींच्या जागा नकाशावर चुकीच्या ठिकाणी दाखवल्या गेल्या आहेत.

सीमेवरील वैर : कॅन्सस गुलामगिरीचे राज्य व्हावे की मुक्त, या प्रश्नावर १८५४ पासून दोन्ही बाजूंच्या टोळ्या सीमा ओलांडत होत्या. १९ मे १८५८ रोजी मिसूरीकडून आलेल्या टोळीने बेट्सला लागून असलेल्या कॅन्ससच्या लिन काउंटीत अकरा जणांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. पाच जण मेले. मिसूरीतील गुलामगिरीसमर्थक टोळीवाल्यांना ‘बुशव्हॅकर’ व कॅन्ससच्या हल्लेखोरांना ‘जेहॉकर’ म्हणत. या टोळ्यांना मराठीत ‘गनिमी’ म्हणण्याची वहिवाट आहे, पण मराठ्यांच्या सेनेची गनिमी काव्याची युद्धपद्धती आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळणे यांत फार अंतर आहे.

१८६१ च्या मार्चमध्ये मिसूरीच्या अधिवेशनाने संघराज्यातून फुटण्यास नकार दिला. राज्यपाल क्लेबोर्न जॅक्सन मात्र संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणी राज्यांना मिळाले व राज्यात दोन सरकारे झाली. २३ सप्टेंबर १८६१ रोजी संघराज्याच्या बाजूच्या जेम्स लेन यांच्या कॅन्ससच्या फौजेने पूर्वेकडील सेंट क्लेअर काउंटीतले ओसिओला लुटून जाळले. पॅपिनव्हिल व बटलर यांची जाळपोळ बहुधा त्याच वर्षीच्या डिसेंबरातील मोहिमेत झाली.

आयलंड माउंड : बटलरच्या नैर्ऋत्येस सु. १३ किमी.वर २७ ते २९ ऑक्टोबर १८६२ या दिवसांत झालेली चकमक. लेन यांनी १८६२ च्या ऑगस्टपासून कॅन्ससमध्ये कृष्णवर्णीयांची पलटण उभी केली. तीत मिसूरी व आर्कॅन्सामधून पळून आलेले गुलाम पुष्कळ होते. युद्धमंत्रालयाची मंजुरी नसतानाच या ‘फर्स्ट कॅन्सस कलर्ड’ पलटणीचे सु. २४० सैनिक नदीतल्या हॉग आयलंडवरील टोळ्या हुसकण्यासाठी बेट्समध्ये आले. टूथमन नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीवर कुंपणाची लाकडे रचून त्यांनी मोर्चा बांधला व त्याला ‘फोर्ट आफ्रिका’ नाव दिले. २९ तारखेस टोळीवाल्यांनी गवताळ माळ पेटवला. धुराच्या आडून आलेल्या घोडेस्वारांनी पुढे गेलेल्या लहान तुकडीला गाठले. उतारावर हातघाईची लढाई झाली. मदत येताच घोडेस्वार मागे हटले. पलटणीचे कॅप्टन क्रू यांच्यासह आठ जण पडले, अकरा जखमी झाले. विरुद्ध बाजूची संख्या चारशेच्या आसपास सांगतात. तिच्या हानीचे आकडे पलटणीच्याच अधिकाऱ्यांच्या अंदाजावर आधारलेले असल्याने सावधपणे घ्यावेत.

‘यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांची पहिली लढाई’ असे हिचे वर्णन केले जाते. लुइझियानाच्या कृष्णवर्णीय पलटणी याआधी, सप्टेंबर १८६२ मध्येच, सेवेत रीतसर दाखल झाल्या होत्या, तर कॅन्ससची पलटण १३ जानेवारी १८६३ रोजी दाखल झाली. पहिलेपण नोंदणीवर मोजले तर मान लुइझियानाचा. प्रत्यक्ष समोरासमोरच्या लढाईवर मोजले तर आयलंड माउंडचा दावा भक्कम आहे आणि अलीकडे तोच बहुमान्य झाला आहे. या सैनिकांनी जिथे रक्त सांडले, त्या भूमीवर गुलामगिरी त्यानंतरही सव्वादोन वर्षे कायदेशीर होती. लिंकन यांची १ जानेवारी १८६३ ची मुक्तिघोषणा बंडखोर प्रदेशांपुरती असल्याने मिसूरीला लागू नव्हती. राज्याने गुलामगिरी रद्द केली ती ११ जानेवारी १८६५ रोजी.

हुकूम क्रमांक ११ : २१ ऑगस्ट १८६३ रोजी बुशव्हॅकर पुढारी क्वांट्रिल याच्या टोळीने कॅन्ससमधील लॉरेन्स गावात सु. १५० पुरुष व मुलगे ठार केले. चार दिवसांनी संघराज्याच्या सीमा-विभागाचे सेनापती टॉमस यूइंग यांनी हा हुकूम काढला. जॅक्सन, कॅस व बेट्स या काउंटींतील आणि व्हर्ननच्या उत्तर भागातील रहिवाशांनी पंधरा दिवसांत, म्हणजे ९ सप्टेंबरपर्यंत, घरे सोडावीत. निष्ठा सिद्ध करणाऱ्यांनी दाखला घेऊन लष्करी ठाण्यांजवळ किंवा कॅन्ससमध्ये (पूर्व सीमेवरील काउंटी वगळून) जावे, बाकीच्यांनी विभागच सोडावा. शेतातले धान्य व वैरण ठाण्यांवर आणावी, राहील ती नष्ट होईल.

हुकमाच्या पहिल्याच कलमातील अपवाद बारकाईने पाहण्याजोगे आहेत. इंडिपेन्डन्स, हिकमन मिल्स, प्लेझंट हिल व हॅरिसनव्हिल यांच्यापासून एका मैलाच्या आतील लोकांना, तसेच कॅन्सस सिटीलगतच्या भागाला सूट होती. ही सर्व ठिकाणे जॅक्सन व कॅसमधली. संपूर्णपणे हुकमाखाली आलेल्या तीन काउंटींपैकी ज्या एकीत सूट मिळालेले एकही गाव नव्हते, ती बेट्स. त्यामुळे येथे संघनिष्ठ कुटुंबालाही आपल्या काउंटीत थांबायला जागा उरली नाही. सीमेवरील शेतकरी कुटुंबांपैकी सु. दोनतृतीयांश टोळ्यांचे नातलग व पोशिंदे आहेत, असे यूइंग यांनी वरिष्ठांना लिहिले होते. हा हिशेब खरा धरला तरी उरलेल्या एकतृतीयांशांचा दोष काय, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. बैलगाड्या व जनावरे आधीच लुटली गेल्याने अनेक बायका-मुले पायीच निघाली. विस्थापितांची संख्या वेगवेगळ्या अंदाजांत दहा ते पंचवीस हजार येते. वीस हजारांचा आकडा अधिक रूढ आहे. ओसाड मुलखाला ‘बर्न्ट डिस्ट्रिक्ट’ (जळका इलाखा) म्हणू लागले. घरे जळून दगडी धुराडी तेवढी उभी राहिली होती.

हुकमाच्या परिणामांविषयी मतभेद आहेत. यूइंग यांचे वरिष्ठ स्कोफील्ड यांच्यासह समर्थकांच्या मते त्यामुळे टोळ्यांची रसद तुटली व कॅन्ससचा सूडाचा हल्ला टळला. चित्रकार जॉर्ज कॅलेब बिंगम स्वतः संघनिष्ठ व युद्धकाळात मिसूरीचे कोषाध्यक्ष. तरी त्यांनी या हुकमावर मोठे चित्र रंगवून यूइंग यांचा जन्मभर धिक्कार केला. त्यातील नाट्यमयता बाजूला ठेवली, तरी १८६४ मध्ये टोळ्या मिसूरीत पुन्हा वावरू लागल्या, हे लक्षात घेता हुकमाचा लष्करी लाभ मर्यादित आणि माणसांची हानी कायमची होती, असे मानणे सयुक्तिक ठरते. निर्बंध नोव्हेंबर १८६३ नंतर क्रमाने सैल झाले. ऑक्टोबर १८६४ मध्ये दक्षिणेचे सेनापती प्राइस यांच्या पराभूत फौजेची माघार याच राज्यसीमेलगत झाली.

युद्धानंतर : १८७० मध्ये लोकसंख्या १५,९६० झाली. ही वाढ मुख्यतः नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांची. जुनी कुटुंबे थोडीच परतली. बटलरच्या न्यायालयाच्या आवारात २००८ मध्ये कॅन्सस पलटणीच्या सैनिकाचा पुतळा उभारण्यात आला आणि टूथमन वाडीची जागा २०१२ मध्ये राज्याचे ऐतिहासिक स्थळ म्हणून लोकांसाठी खुली झाली.