गोल चौक : आखणी आणि मंजुरी

गोल चौक म्हणजे मध्यभागी बेट असलेला, बहुधा सिग्नलविना चालणारा रस्त्यांचा संगम. आलेले वाहन बेटाला एकाच दिशेने वळसा घालते आणि हव्या त्या रस्त्याने बाहेर पडते. भारतात हा वळसा बेट उजव्या हाताला ठेवून घालायचा असतो. बोलण्यात याला सर्कल म्हणतात, अभियंत्याच्या फायलीत तो रोटरी असतो, आणि महापालिकेच्या पाटीवर वाहतूक बेट. मुंबईत किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल ही तर आता परिसराचीच नावे झाली आहेत.

बेट डोळ्यांत भरते, पण चौक चालतो तो एका न दिसणाऱ्या नियमावर : शिरणाऱ्याने थांबायचे, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. न्यूयॉर्कचे कोलंबस सर्कल १९०५ मध्ये आणि पॅरिसच्या विजयकमानीभोवतीची एकदिशा वाहतूक १९०७ मध्ये सुरू झाली, तेव्हा हा नियम नव्हता. शिरणाऱ्याला प्राधान्य असले की गर्दीच्या वेळी वर्तुळ भरत जाते. आतल्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि बाहेरचे शिरतच राहतात. (पॅरिसच्या त्या चौकात आजही शिरणाऱ्यालाच प्राधान्य आहे, बघायला मजा येते, गाडी दुसऱ्याची असावी.) ब्रिटनमध्ये फ्रँक ब्लॅकमोर यांच्यासारख्या संशोधकांनी वेगवेगळ्या रचनांचे प्रयोग केले, आणि नोव्हेंबर १९६६ पासून तिथे उजवीकडून येणाऱ्या, म्हणजे आधीच फिरत असलेल्या वाहनाला वाट देणे बंधनकारक झाले. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात १९७२ साली एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळे बसवण्यापर्यंत ब्लॅकमोर यांची मजल गेली. नव्या नियमामुळे गाड्यांना एकमेकींत मिसळायला लांबलचक वळण लागेनासे झाले आणि बेट लहान करता आले. शहरांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : जागा कमी, म्हणून भूसंपादनही कमी.

आखणी

साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना छेदतात किंवा भिडतात. एकपदरी गोल चौकात अशा जागा ८ उरतात. त्यातही समोरासमोरची आणि काटकोनातली धडक जवळपास संपते. उरते ती तिरकी, कमी वेगाची घासाघीस. अमेरिकेत चौकांचे रूपांतर करण्याआधीच्या आणि नंतरच्या अपघातांची तुलना झाली, तेव्हा माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटलेले दिसले.

हे सगळे वेग उतरला तरच. त्यासाठी आराखड्यावर एक तपासणी करतात. रंगाचे पट्टे नाहीत असे समजून, उतावळा चालक कडेपासून साधारण दीड मीटर राखून जास्तीत जास्त सरळ कसा निघेल, ती रेघ काढायची. रेघेची त्रिज्या मोठी आली तर वेगही मोठा. मग बेट सरकवायचे, प्रवेशाची कड वाकवायची, पुन्हा रेघ काढायची. शहरी एकपदरी चौकाचा बाहेरचा व्यास साधारण ३० ते ४० मीटर ठेवतात. एवढ्या वळणात बसची पुढची चाके नीट जातात, मागची मात्र आत कापतात. त्यांच्यासाठी बेटाभोवती किंचित उंच, खडबडीत, वेगळ्या रंगाच्या फरशीचा पट्टा असतो. बसची मागची चाके त्यावरून जातात. मोटारचालकाला तो खडखडाट नको असतो, म्हणून तो बाहेरच राहतो. हा पट्टा गुळगुळीत आणि सपाट केला की रिक्षा आणि दुचाकी त्यावरून सरळ निघतात, आणि आखणी तिथेच फसते.

बेटावर माती चढवून मधला भाग उंच करण्यामागेही कारण आहे. समोरचा रस्ता आरपार दिसला की चालक वेग कमी करत नाही. पादचाऱ्यांचे पट्टे वर्तुळाच्या कडेवर न ठेवता एका मोटारीच्या लांबीइतके मागे घेतात आणि मध्ये थांबायला छोटा दुभाजक देतात. दोनपदरी चौक अंध व्यक्तीला अवघड जातो, कारण वाहने सतत फिरत राहिल्याने आवाजावरून मोकळी फट ओळखता येत नाही.

मंजुरी : अमेरिकेतील उदाहरण

अमेरिकेत आधुनिक, म्हणजे आत फिरणाऱ्याला प्राधान्य देणारा, गोल चौक १९९० मध्ये नेवाडा राज्यात आला. इंडियाना राज्यातील कार्मेल या शहराने मात्र त्याचे धोरणच केले. विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये असे चौक पाहिलेले जेम्स ब्रेनार्ड १९९६ मध्ये तिथे महापौर झाले आणि २०२३ अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. शहरात आज १५० हून अधिक गोल चौक आहेत. शहराच्या ताब्यातल्या रस्त्यावर नगरपरिषदेने निधी दिला की काम होते. राज्य महामार्ग येऊन मिळत असेल तर राज्याच्या परिवहन खात्याची संमती लागते. काही राज्यांत नव्या चौकासाठी सिग्नल, थांबा-पाटी आणि गोल चौक यांची लेखी तुलना सादर करावी लागते. न्यूयॉर्क राज्यात तर गोल चौक का नको, याचेच कारण द्यावे लागते. जाहीर सभेत विरोध ठरलेला असतो आणि तो बांधकामानंतर ओसरतो. तीन ठिकाणच्या पाहणीत आधी सुमारे ३१ टक्के चालक अनुकूल होते, नंतर ६३ टक्के.

महाराष्ट्रातील वाट

इथे गोल चौकासाठी वेगळा परवाना नसतो. मंजुरी अनेक टेबलांवर विखुरलेली असते. तांत्रिक आधार भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ६५ क्रमांकाच्या संहितेचा. तिच्या १९७६ च्या आवृत्तीनुसार सर्व रस्त्यांची मिळून ताशी ३,००० वाहनांपर्यंतची वर्दळ रोटरी पेलते. २०१७ मध्ये ही संहिता सुधारण्यात आली. त्याच वर्षीच्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय विनियमांत आत फिरणाऱ्या वाहनाला प्राधान्य आहे. रस्त्यावर तो नियम क्वचितच कोणी पाळताना दिसतो, त्यामुळे मोठ्या शहरांतले बरेच गोल चौक प्रत्यक्षात वाहतूक हवालदाराच्या शिटीवर चालतात.

कामाची सुरुवात वाहनगणना आणि मोजणीने होते. जलवाहिनी, ड्रेनेज, वीज आणि टेलिफोनच्या केबल कुठून जातात ते आधी शोधावे लागते, कारण बेटाच्या नेमक्या मध्यावर चेंबर निघण्याचा योग फार जुळून येतो. जागा कमी पडली तर मुंबईबाहेरच्या महापालिकांत १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नवी नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची कायदेशीर हद्द, ठरवतात. त्याला स्थायी समितीची संमती लागते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पैसे, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) की एफएसआय (त्याच जागेवर वाढीव बांधकाम) यावर फाईल रेंगाळते. झाड आडवे येत असेल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरण. एखादा रस्ता राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्या यंत्रणेचे ना-हरकत पत्र. मग पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश.

वाहतूक शाखेचा होकार वेगळा घ्यावा लागतो. एकदिशा मार्ग, वळणबंदी, पार्किंगबंदी यांचे आदेश पोलीस मोटार वाहन कायद्याच्या ११५, ११६ आणि ११७ या कलमांचा हवाला देऊन काढतात. ते आधी प्रायोगिक तत्त्वावर असतात आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. याच काळात वाळूच्या गोण्या किंवा प्लास्टिकचे अडथळे मांडून बेटाचा आकार रस्त्यावर आजमावतात. ही पद्धत खरोखर चांगली आहे. कागदावर वळलेली बस चौकात वळते का, ते एका दिवसात कळते आणि गोणी हातभर सरकवायला निविदा लागत नाही. नुकसान होते ते गोण्या तशाच राहिल्या की. फाटतात, वाळू पसरते आणि त्यावर दुचाकी घसरतात.

बेट पक्के झाले की ते बहुधा उद्यान विभागाकडे किंवा प्रायोजकाकडे जाते. कारंजे येते, मग जाहिरातीचा फलक, आणि तो नेमका उजवीकडची नजर अडवतो. पुतळ्यांचा प्रश्न याहून अवघड. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते आणि पदपथ यांवर पुतळे वा अन्य बांधकामांना परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली. त्याआधीचे पुतळे मात्र आहेत तिथे आहेत आणि ते हलवण्याचा विषय सहसा कोणी काढत नाही. अशा चौकाच्या सुधारणेत आराखडा चौथऱ्यापासून सुरू होतो : वर्तुळाचा मध्य पुतळा ठरवतो आणि रस्ते त्याच्याभोवती बसवावे लागतात.