वूफरचा फोम फाटला? गोंद लावण्याआधी एवढं वाचा

जुने स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओतले स्पीकर, घरी ऐकणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांचा प्रश्न ठरलेला: "आवाज फाटतोय, स्पीकर गेला का?" बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या, कोनच्या (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोम गेलेला असतो. पॉलियुरेथेनचा हा फोम दमट हवेत विरतो, मग स्पीकर वाजवा नाहीतर झाकून ठेवा. गोव्याच्या हवेत तर बघायलाच नको.

असं दिसलं की वाजवणं बंद करा आणि घेऊन या. काम सोपं आहे. ते अवघड होतं घरी झटपट चिकटणारा गोंद लावल्यावर. हा गोंद कागदी कोनमध्ये मुरून कडक होतो. कोन जरा तिरका बसला असेल तर तसाच जखडतो, कोनमागची तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉइल) एका बाजूला घासते आणि डग्ग्याच्या दर ठोक्याला खर्र ऐकू येतं. हा गोंद काढताना कागदाचे पापुद्रे सुटतात. त्याची मजुरी आम्ही वेगळी घेतो. तिथे घासाघीस नको.

"दुकानात तीन-चार दिवस कशाला?" जुना गोंद पुसून नवा फोम आधी कोनला लावतो. तो सुकला की ३० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालचा, सूर हळू आवाजात सोडून कोन मधोमध आणतो आणि मगच फ्रेमला चिकटवतो. पांढरा गोंद सुकायला दिवस जातो, पावसात जास्तच. एकच फाटला तरी फोम दोन्ही बदलतो, नाहीतर डाव्या-उजव्याचा खर्ज जुळत नाही.

सगळ्यांना फोम असतोच असं नाही. १९७० साली आलेल्या जेबीएल कंपनीच्या एल-१०० या स्पीकरच्या १२ इंची वूफरची कड कापडी असते. त्याच्या खाली भुकटी पडते ती कडेची नव्हे, पुढच्या फोमच्या जाळीची. बीबीसीने आखलेल्या एलएस-३/५ए या स्पीकरच्या वूफरची कड रबरी. फ्लॅटमधल्या लहान खोलीत गाणं ऐकायला तो छोटा स्पीकर आम्हाला फार आवडतो. तपासून ठेवलेली एखादी जोडी दुकानात असली तर ऐकून जा, घेतलीच पाहिजे असं नाही.

फोम परस्पर मागवू नका. इंच सारखे असले तरी कडेचा घेर आणि उतार वेगळा निघतो. वूफरचा समोरून व मागून फोटो पाठवा, माप आम्ही सांगू. आणि चवथीला स्पीकर हवा असेल तर आषाढातच आणून द्या.