पाण्याने न भागणारी कोरड

चिवडा किंवा कोरडी भाकरी खाताना घासागणिक पाणी लागतं का? शोग्रेन आजाराची शंका आली की डॉक्टर साधारण असाच प्रश्न विचारतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींवर उलटते. दहातले नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. ‘वय झालं, उन्हाळा आहे, पाणी कमी पितेस’ असं ऐकून घेण्यात त्यांची कित्येक वर्षं जातात. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 साली आपल्या प्रबंधात अशा 19 स्त्रियांची नोंद केली होती. त्यांतल्या 13 जणींना संधिवातही होता.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात बहुतांश पाणीच असतं, पण काम करतं ते उरलेलं: घास निसटता करणारं बुळबुळीत म्युसिन, आम्ल मारणारं बायकार्बोनेट, दाताची झीज भरून काढणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट, बुरशीला आवरणारी प्रथिनं. म्हणून सतत पाणी पिऊन कोरड जात नाही, घटकाभर ओल येते एवढंच. उलट तोंडात उरलेला चिकट थरही धुऊन जातो. घोट लहान घ्यावेत, आणि रात्री कोरड फार जाणवत असेल तर लाळेसारखं जेल लावावं.

घरगुती उपायांत मात्र घात आहे. तोंडाला पाणी सुटावं म्हणून खडीसाखर, लिंबाच्या गोळ्या, आवळासुपारी तोंडात धरली जाते. पाणी सुटतंही. पण साखर आणि आंबटाने तोंडात आम्ल वाढतं. सामू (pH; आम्ल वाढलं की तो उतरतो) 5.5 च्या आसपास आला की दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, विरघळू लागतं, आणि ते आम्ल निवळायला पुरेशी लाळच नसते. मग एरवी सहसा किडत नाहीत अशा जागी, हिरडीलगत आणि पुढच्या दातांच्या कडांवर, कीड लागते. चघळायचंच तर साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम बरं. शिवाय दंतवैद्याकडून जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून घ्यावी. माझ्या मते या आजारात दंतवैद्याचं महत्त्व संधिवाततज्ज्ञाइतकंच आहे, आणि त्याच्याकडे रुग्ण पोहोचतो तो दात हलायला लागल्यावर.

ग्रंथीचा काही भाग शाबूत असेल तर तिला औषधाने जागं करता येतं. पायलोकार्पिन हे ते औषध. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून 1875 मध्ये ते वेगळं काढलं गेलं. पानं चावली की घाम आणि लाळ सुटते, हे तिथल्या आदिवासींना आधीपासून माहीत होतं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे थेंब म्हणूनही ते वापरलं जातं. मज्जातंतू ग्रंथीला ‘लाळ सोड’ असा जो रासायनिक निरोप देतात, त्याची हे औषध नक्कल करतं. नेहमीची मात्रा 5 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून चार वेळा. तोच निरोप घर्मग्रंथींनाही पोहोचतो, त्यामुळे दरदरून घाम येतो आणि लघवीला वारंवार जावं लागतं. कित्येक जण याच कंटाळ्याने गोळी सोडतात. मात्रा हळूहळू वाढवली तर त्रास कमी होतो. दमा आटोक्यात नसेल किंवा विशिष्ट प्रकारचा काचबिंदू असेल तर मात्र ती घेता येत नाही.

नवं औषध सुरू करण्याआधी जुन्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी. ॲलर्जीच्या, झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी घेतलेल्या काही गोळ्या लाळ आणखी आटवतात. त्या बदलता येतात, पण परस्पर बंद करू नयेत. जीभ लाल होऊन तिखट अजिबात सोसेना झालं, तर बहुधा बुरशी वाढलेली असते. त्यावर वेगळं औषध आहे.

मूळ प्रतिकारशक्तीच आवरली तर? सांधेदुखीसाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन फ्रान्समधल्या 120 रुग्णांवर 24 आठवडे तपासलं गेलं. 2014 साली निष्कर्ष आला: कोरडेपणा, वेदना आणि थकवा यांवर त्याचा परिणाम तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस नव्हता. नवी औषधं तपासली जात आहेत, तोवर कोरडेपणावर भिस्त लाळ वाढवण्यावर आणि दात राखण्यावरच.

कानाखालची ग्रंथी एका बाजूला सुजून कडक झाली आणि सूज उतरेना, तर मात्र दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. शोग्रेनमध्ये लसीका पेशींच्या कर्करोगाचा (लिम्फोमाचा) धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अशी सूज थेट संधिवाततज्ज्ञाला दाखवावी.